पेटीतला जावई

१

या धक्क्यावर माझ्याइतका हुशार माणूस आजवर झाला नाही. म्हणजे, हुशार कसला! शाळेत जेवढा बाकावर बसलो त्याच्या दुप्पट बाकावर उभा राहिलो, आणि शेवटी मास्तरांनीच हात जोडले, "बाबा रे, तू जा, आम्हाला शिकवू दे." पण खोडी काढण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. साहेबांच्या खुर्चीची चाकं काढून लाकडी बुचं बसवणारा मी. भांडारवाल्याच्या कुलपात मेण भरणारा मी. हा भांडारवाला झाडूलासुद्धा कुलूप लावतो, म्हणून त्याचं नावच मी 'कुलूप' पाडलं. आता त्याची बायकोही त्याला कुलूपच म्हणते, आणि तो ओ देतो.

आमची शेड बंदराच्या टोकाला. लांबलचक, पत्र्याची. आत दोन मजले खोल पाण्याची टाकी, आणि भिंतीला टेकून लाकडी पेट्या. पेट्यांत जावई.

जावई हे नाव माझंच. साहेब लोक त्याला फ्लोट म्हणतात. माणसाएवढा उंच, नळासारखा गोल, डोक्यावर काठीसारखी एक तार. समुद्रात सोडला की आपला आपण खोल बुडी मारतो, कितीतरी दिवस खाली अंधारात वाहत राहतो, मग पोटातला पंप चालवून वर येतो. येता येता पाणी किती गरम, किती खारट ते मोजतो आणि तोंड बाहेर काढून उपग्रहाला सांगतो. सांगून झालं की पुन्हा बुडी. त्या आकड्यांवरून पुढच्या हंगामाचा अंदाज निघतो, ऊन किती भाजेल, पाऊस कुठे रुसेल, वादळ कुणाच्या दारात जाईल. आता तुम्हीच सांगा, जावई नाही तर काय? कापसात गुंडाळून येतो, उभा ठेवला तर रागावतो, आडवा ठेवला तर फुगतो, आणि एकदा गेला की मर्जी होईल तेव्हा खुशाली कळवतो. ती सगळ्यांनी खरी मानायची.

बरं, हा जावई एका घरचा नाही. नळा एका देशाचा, तार दुसऱ्याची, जहाज तिसऱ्याचं आणि सोडणारे हात आमचे. जे देश एरवी एकमेकांकडे पाठ करून बसतात ते इथे एका ताटात. "समुद्राला कुंपण घालता येत नाही ना बाबा," असं माझी मुलगी म्हणते, "म्हणून झक मारत एकत्र आलेत."

मुलगी त्याच कार्यालयात, वरच्या मजल्यावर. मी खाली नटबोल्टांवर पाने फिरवतो, ती वर आकडे वाचते. आईच्या वळणावर गेली म्हणून शिकली. माझ्यावर गेली असती तर अजून बाकावर उभी असती. लग्नाचं नाव काढू देत नाही. म्हणून नवी पेटी उघडली की मी खालून हाक मारतो, "ये गं, नवा आलाय. उंच आहे, अबोल आहे, कायम परदेशात असतो."

ती वरून ओरडते, "बाबा, डोक्यावर तार आहे त्याच्या."

"तुझ्या काकाच्या डोक्यावर तर तीही नाही."

या खेपेला तीच जहाजावर जाणार होती, जावई सोडायला. आणि या खेपेच्याच एका जावयाला मी मिश्या काढल्या. जाडजूड, टोकं वर पिळलेल्या. ओरखडे बुजवायचा एक काळा रंग आमच्याकडे असतो, समुद्रातही न जाणारा, त्याने. एवढीच माझी खोडी. तिच्यापुढचं जे झालं ते माझं नाही.

२

जावई जहाजावर चढवण्याआधी आमच्यात एक रीत आहे. त्याला कार्यालयाच्या गच्चीवर नेऊन उभा करायचा. त्याच्या कुशीला एक लोहचुंबक चिकटपट्टीने बांधलेला असतो. तो आहे तोवर जावई झोपलेला. चुंबक काढला की जागा होतो आणि आभाळाकडे एक हाक टाकतो. ती हाक आम्ही ऐकायची नाही. समुद्रापलीकडच्या कार्यालयाने ऐकायची आणि फोन करून सांगायचं, ऐकू आला. आपलं पोर गुणी आहे असं आपण म्हणून भागत नाही, शेजाऱ्याने म्हणावं लागतं, त्यातला प्रकार. ऐकून झालं की चुंबक पुन्हा बांधून झोपवायचा. त्यांचे जावई जागे होतात तेव्हा कान आम्ही लावतो.

पलीकडे एक बाई असतात. तोंड कधी पाहिलं नाही, आवाज घरातला झालाय. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना नाही. साहेबी भाषेतले चार शब्द मला येतात, त्यातले दोन मुलीने चारचौघांत बोलायचे नाहीत म्हणून सांगितलेत. तरी फोन आला की मी मध्ये तोंड घालतोच, "मॅडम, जावई गुड?" आणि त्या अशा खळखळून हसतात की कुलूपसुद्धा दाराआडून हसतो.

त्या सकाळी आम्ही गच्चीवर जागा झाडत होतो. पेट्या सगळ्या खाली शेडमध्ये, बंद. त्या दिवशी अजून एकही उघडलेली नव्हती. फोन वाजला. मुलीने घेतला, दोन शब्द बोलली आणि जिन्याकडे बघायला लागली.

"काय गं?"

"त्या म्हणतायत, एक ऐकू आला."

"पेटीत होता तो ऐकू आला? कान आहेत का दुर्बीण!"

तिने नंबर विचारून घेतला. मिशीवाल्याचा.

साहेब माझ्याकडे बघायला लागले. कुलूपही. मुलगीही, आणि तिचं बघणं जरा लागलं. मी दोन्ही हात वर केले. "आईशप्पत, मी नाही."

"मिस्त्री," साहेब म्हणाले, "तुमच्या आईंना जाऊन किती वर्षं झाली. त्यांना शपथेला किती वेळा उठवणार?"

आम्ही खाली गेलो. कुलूपने पेटीचं कुलूप काढलं. जावई आत होता, मिश्या पिळून. चुंबक जागेवर. चिकटपट्टी अखंड, तिच्यावर माझ्याच अंगठ्याचा काळा ठसा. झोपलेला जावई हाक मारत नाही. मेलेला माणूस उठून मोटार चालवेल, पण चुंबकाखालचा फ्लोट तोंड उघडणार नाही, हे मला मास्तरांनी नाही, याच कामाने शिकवलंय.

मुलगी अजून फोनवर होती. "त्या म्हणतायत पाणी थंड आहे. खोलातून नुकताच वर आलाय."

"पेटीच्या खोलातून?"

"समुद्राच्या." तिने जागा सांगितली. ज्या पट्ट्यात ती या खेपेला जहाजावरून जावई सोडायला जाणार होती, त्या पट्ट्याच्या मधोमध.

मी फोन ओढून घेतला. "मॅडम, जावई गुड?"

बाई हसल्या नाहीत. फोनमधून नुसती सळसळ येत राहिली. मग त्या हळू काहीतरी बोलल्या. मुलीने ऐकलं आणि मला सांगितलं, "त्या विचारतायत, हा तुम्ही आधीच सोडला होता का?"

३

खोडकर माणसाला एक खोड असते, त्याला सगळं जग खोडकर दिसतं. माझा पहिला संशय बाईंवर. मागे त्यांच्याकडे परत जाणाऱ्या एका पेटीत कापसाखाली मी किल्लीचा उंदीर ठेवला होता, झाकण उघडलं की उडी मारणारा. म्हटलं, फिटंफाट चाललीय. पण खोडी काढणाऱ्याचा आवाज मी ओळखतो. त्यात हसू दाबलेलं असतं. बाईंच्या आवाजात ते नव्हतं.

मग कुलूप. किल्ल्या त्याच्याकडे. मी त्याच्या मागे फिरलो, त्याचा डबा हुंगला, त्याच्या खिशात कोपर घालून पाहिलं. तो म्हणाला, "मिस्त्री, संशय घ्यायचा तर निदान सावकाश घ्या, गुदगुल्या होतायत."

साहेबांनी मात्र चहा संपायच्या आत निकाल लावला. कारखान्यात एकच नंबर दोन फ्लोटना गेला असेल. दुसरा कुणीतरी कुठेतरी सोडला असेल. "आणि तसंही यंत्राने ते आकडे गाळले," ते म्हणाले. "जे ओळीत बसत नाही ते यंत्र आपोआप गाळतं. नाहीतर सगळ्या देशांचा अंदाज बिघडेल. विषय संपला."

मला ते पटलं. अगदी जिना उतरेपर्यंत पटलं. मग वाटलं, हे यंत्र म्हणजे राखणदार तरी कसला? ओळखीचा आला तर दार उघडून नाव विचारतो, आणि अनोळखी आला तर डोळे मिटून घेतो. म्हणजे आत यायचं असेल तर पुरेसं विचित्र असलं की झालं.

दुपारी शेडमध्ये मी एकटा. बाहेर ऊन असं की पत्रे ताणून कडकड वाजत होते. मी टाकीची कडा पुसत होतो आणि मला आवाज आला. बारीक. झाकणाखाली अडकलेल्या माशीसारखा. थांबे, पुन्हा सुरू होई. पाणी उपसताना जावयाच्या पोटातला पंप वाजतो तो आवाज मी झोपेत ओळखीन. वर येताना वाजतो.

मी सगळ्या पेट्यांना कान लावत गेलो. शेजाऱ्यांची भांडणं ऐकल्यासारखा. मिशीवाल्याच्या पेटीशी आलो आणि आवाज बंद झाला. गप्पा मारणारी माणसं आपण आत गेल्यावर गप्प होतात ना, तसा.

सकाळच्या तपासणीपासून पेट्यांची कुलपं निघालेलीच होती. झाकण उचललं. बाकीच्या जावयांना हात लावला तर तव्यासारखे तापलेले. हा गार. नुसता गार नाही, बर्फाच्या लादीसारखा, आणि अंगावर थेंब. मिशीच्या टोकावर एक थेंब लोंबत होता. थंड वस्तूवर दव धरतं, हे मलाही ठाऊक आहे. पण दव गोडं असतं. आता माणसाने वयाला शोभेल असं वागावं. मी मिशीचं टोक चाटलं.

खारट होतं.

मी झाकण लावलं, त्याच्यावर बसलो, आणि स्वतःला समजावलं की घामाचा हात लागला असेल. माझाच. मग बराच वेळ मी तिथेच बसून राहिलो, कारण उठलो तर झाकण उचललं जाईल असं मला उगीचच वाटत होतं.

४

बाईंचा पुन्हा फोन आला. तोच नंबर, तेच गार पाणी. फक्त जागा बदललेली. आमच्या बाजूला सरकलेली.

मुलीने खिडकीच्या धुळीवर बोटाने मला नकाशा काढून दाखवला. "हा आपला किनारा. प्रवाह असा, बाहेर जातो. सोडलेला फ्लोट वाहत लांब जायला हवा. हा उलटा येतोय."

"कुणीतरी होडीत उचलून घेतला असेल. मासेवाले घेतात. एकाने त्याचं झाकण काढून घरात फुलदाणी केली होती."

"मलाही तेच वाटलं. पण होडीत असता तर दर वेळी खोलातून वर कसा आला असता?"

मी धुळीवरच्या किनाऱ्याला मिश्या काढल्या. ती हसली नाही.

"तू नको जाऊस या खेपेला," मी म्हटलं. सहज म्हटल्यासारखं.

"बाबा, त्या पट्ट्यात आता एकही फ्लोट जिवंत नाही. मागचं वादळ तिथूनच उठलं आणि आपल्याला ते आलं तेव्हा कळलं. दोन किनाऱ्यांवरच्या वस्त्या झोपेत गेल्या. एक पलीकडच्या बाईंकडची, एक आपल्याकडची. तिथे कान ठेवायलाच हवा."

मी तिच्यावर डोळा ठेवला. आणि ठेवला म्हणून दिसलं.

जावई पाण्यात फेकत नाहीत. त्याच्या गळ्यातल्या कडीतून दोर ओवायचा, दोन्ही टोकं हातात धरायची, जहाजाच्या मागच्या कडेवरून हळूहळू खाली सोडायचा, पाण्याला टेकला की एक टोक सोडून द्यायचं. दोर कडीतून सुळकन निघून आपल्याकडे परत येतो आणि जावई आपल्या वाटेने जातो. यात एकच चूक होते आणि ती हेच काम करणारे करतात. ओला दोर हातातून सटकतो, म्हणून मनगटाला एक वेढा घेतात. सोडायच्या वेळी वेढा सुटला नाही, तर जावई खाली जातो आणि एकटा जात नाही.

ती टाकीवर सराव करत होती. डाव्या मनगटाला वेढा.

मी दोराच्या टोकावर पाय दिला. "हे काय?"

"एकदाच घेतला, बाबा. सटकत होता."

"सटकू दे! आपटला तर आपटला. जावई दुसरा मिळेल."

"बघा, शेवटी खरं बोललात," ती म्हणाली आणि आम्ही दोघं हसलो. तिने वेढा सोडला. मनगटावर दोराचे पीळ लाल उमटले होते. ती ते दुसऱ्या हाताने चोळत राहिली आणि मला ते बघवेना.

५

जहाज लागलं. पांढरं, उंच, तिसऱ्याच देशाचं. पेट्या गच्चीवर गेल्या, एकेका जावयाचा चुंबक काढला, आणि बाई एकेकाला ऐकू आला म्हणत गेल्या. मिशीवाल्याची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, हा तर सकाळपासून बोलतोय.

"कुठून?" मुलीने विचारलं. ऐकलं. फोन कानापासून लांब धरला. "बंदरातून."

साहेबांनी टाळीच वाजवली. "बघा! फ्लोट बंदरातच आहे, जागा बंदराचीच दाखवतोय. सुधारला. उगीच भूतखेत करत बसलात सगळे."

सगळे हसले. मीही हसलो, साहेबांपेक्षा मोठ्याने. मग विचारलं, "आणि पाणी?"

मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "गार. तेवढंच."

मिशीवाला उन्हात माझ्यासमोर कोरडा ठणठणीत उभा होता. त्याला पुन्हा चुंबक बांधला आणि मी धक्क्यावर गेलो. बिडी ओढायला जातो असं सांगून. बिडी मी सोडलीय, हे सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी अडवलं नाही.

भर दुपार. मजूर जेवायला गेलेले. जहाज आणि धक्क्याची भिंत यांच्यामध्ये पाण्याची एक चिंचोळी पट्टी होती, तेलाचे रंग पसरलेली. भिंतीला बांधलेली जुनी टायरं जहाज हललं की कण्हत होती. पाणी वरखाली होत होतं. आणि त्या हलत्या पाण्यात एक काठी सरळ उभी होती. हलत नव्हती.

तार. जावयाच्या डोक्यावरची.

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? शाबास. कुणीतरी मला हरवलं. कुलूप असेल तर त्याला दंडवत. मी पोटावर आडवा झालो, नाव ओढायचा आकडा खाली घातला आणि ओढायला लागलो. जड होता. नव्या जावयापेक्षा कितीतरी जड, कारण अंगभर शिंपले धरलेले, हिरवं शेवाळ, त्याखाली गंज. असं एका आठवड्यात होत नाही, एका वर्षातही नाही. हा म्हातारा होता. माझ्यापेक्षा म्हातारा.

शिंपल्यांच्या मधून मिशीचं एक टोक दिसत होतं. वर पिळलेलं. माझी पिळायची पद्धत जरा डावीकडे झुकते, कारण बोट मोडलेलं आहे. हीही झुकत होती.

आणि गळ्यातल्या कडीत दोर. जो निघून परत यायला हवा तो. त्याच्या टोकाला वेढा होता, आवळून बसलेला. रिकामा. पण आतल्या बाजूने दोर झिजून गुळगुळीत झाला होता, बांगडी आतून होते तसा. केवढा होता म्हणाल तर मी त्यात हात घालून पाहिला. माझा पंजा गेला नाही, नुसती बोटं गेली. माझा पंजा राकट आहे. लहान मनगट त्यात नेमकं बसलं असतं.

तेवढ्यात त्याच्या पोटात माशी गुणगुणली.

वर येताना वाजतो तो आवाज वेगळा. हा खाली जातानाचा. आकडा निसटला, दोर ताणला, आणि माझी बोटं त्याच्यात. मी कसा ओरडलो, कुणाच्या नावाने ओरडलो, आठवत नाही. बोटं बाहेर आली, कातडं आत राहिलं. जावई सरळ उभा खाली गेला, तार शेवटी.

मी पाण्यात बघत राहिलो. दोर टोक वर करून त्याच्या मागून खाली जात होता, तेलाखाली अंधुक होत. मघाशी माझा पंजा जाईना इतका आवळलेला तो वेढा, आता मोकळा झाला होता. तोंड उघडून, सावकाश गोल फिरत होता.

६

मी जे सांगितलं ते शेडमध्ये सगळ्यांनी ऐकून घेतलं. ज्या माणसाने एकदा खोटा साप आणि दोनदा खोटी आग आणली होती, त्याचं ऐकून घेतलं हेच पुष्कळ. साहेब बोटांकडे बघून म्हणाले, "मलम लावा." पण मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "मिशीवाला राहू दे मागे. म्हाताऱ्याची समजूत. एकाने काय बिघडतं."

कुलूपने मिशीवाल्याच्या पेटीला एक कुलूप लावलं, मग दुसरं, मग खिशातून तिसरं काढलं. तिन्ही किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. उभ्या जन्मात त्याने कुणाला किल्ली दिली नव्हती.

माझा जीव भांड्यात पडला. बाकीच्या पेट्या जहाजावर चढल्या. मी स्वतः दोऱ्या आवळल्या, गाठी तपासल्या, खलाशाच्या टोपीत एक खिळाही टाकला, म्हणजे बरं वाटायला लागलं होतं. मुलगी शिडीच्या वरच्या टोकाशी उभी. पाठीवर पिशवी. तिचा फोन वाजला.

ती ऐकत होती आणि मी तिचं तोंड बघत होतो. तिने पलीकडे एवढंच विचारलं, "कुठून?" आणि मग मला म्हणाली, "दुसरा ऐकू आला."

"कुठला दुसरा?"

तिने मागे मान वळवली. जहाजाच्या डेकवर, माझ्याच गाठींखाली, बंद पेट्यांची रांग. "त्यातलाच. पुन्हा त्याच पट्ट्याच्या मधोमध. पाणी गार."

मी शिडी चढलो. गुडघे या वयात शिड्या चढत नाहीत, तरी चढलो. "उतर."

"बाबा, सुटायची वेळ झालीय."

"सुटू दे. तू उतर. पोटात दुखतंय सांग. बाप मेला सांग, मी आत्ता मरून दाखवतो."

"मागच्या वेळी मेलात तेव्हा आईने तुमच्या तोंडावर भांड्यांचं पाणी ओतलं होतं."

"हसू नको."

"मी हसत नाहीये."

खरंच हसत नव्हती. तिने माझा हात घेतला, पट्टी जराशी उचलून बोटं पाहिली. "दुखतंय?"

"छे."

"मी वेढा घेणार नाही, बाबा. शब्द देते."

"लाट आली की शब्द कुणाला आठवतो गं? हात आपोआप गुंडाळतो."

तिने माझी पट्टी नीट बसवली, अगदी सावकाश, लहान मुलाची बसवतात तशी. फोन तिच्या दुसऱ्या हातात तसाच होता. बंद केलेला नव्हता. त्यातून सळसळ येत होती, आणि त्या सळसळीत बाईंचा श्वास. आमची भाषा कळत नसताना ऐकत राहिलेल्या.

"तुम्हाला काय वाटतं, मला हे खोटं वाटतंय?" मुलगी म्हणाली. "पहिल्या फोनपासून माझा डोळ्याला डोळा नाही. मिशीवाला मागे ठेवला, तर दुसरा बोलायला लागला. हा ठेवला तर तिसरा बोलेल. म्हणजे ही फ्लोटची गोष्ट नाही."

"मग कुणाची?"

"जो सोडेल त्याची."

"तेच तर म्हणतोय मी! तू सोडू नको. उतर. जाऊ दे ते जहाज."

"जहाज जाईलच. ते आपल्या एकट्याचं नाही, तुमच्या माझ्या सांगण्याने थांबणार नाही, आणि तो पट्टा रिकामा ठेवायला कुणी तयार होणार नाही. मी उतरले तर पुढच्या बंदरात माझ्या जागी दुसरं कुणीतरी चढेल. ते ठरलेलं आहे, आधीपासून." तिने पिशवी खांद्यावरून काढली आणि माझ्या पायाशी ठेवली. मग फोन माझ्यापुढे धरला. "उतरते मी, बाबा. माझ्या जागी याच बाई येणार आहेत. घ्या, फोन चालू आहे. माझ्या मुलीऐवजी तुम्ही या, एवढंच त्यांना सांगा. मी शब्दन् शब्द त्यांच्या भाषेत सांगते."